एका माणसाच्या विमानाची काच

विमानाला काच बसवणं म्हणजे खिडकीला काच बसवण्यापेक्षा फार तर थोडं अवघड, असा माझा समज होता. चौतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसलेल्या माणसाचे समज सहसा चुकत नाहीत, कारण तो ते कधी तपासून बघत नाही. हा एक तपासायची वेळ आली आणि त्यापायी जे झालं त्याची रुखरुख आज वर्ष होत आलं तरी गेलेली नाही.

विमान माझं नव्हे, माझ्या साडूचं. लवूदादाचं. साडू हे नातं देवानं गंमत म्हणून निर्माण केलं असावं. रक्ताचा संबंध नाही, मैत्रीचा नाही. दोन माणसं एकाच घरात अडकली, एवढंच. त्यातला एक विमान बांधतो आणि दुसरा पेपरातलं शब्दकोडं सोडवतो, असं झालं की सासरच्या कार्यांत दुसऱ्याला "तुमचं कसं काय" याच्या पुढे कोणी काही विचारत नाही. लवूदादाने छत्तीस वर्षं विमानतळावर विमानांचे पत्रे ठोकले, मधल्या काळात पोटाला चिमटा काढून उडवायचं लायसन काढलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक जसे गावचं घर बांधायला घेतात तसं विमान बांधायला घेतलं. लालबागला आमच्या गोमती निवासच्या मागे मंडळाची शेड आहे, तिथे. मंडळाने जागा दिली, कारण देखाव्यांच्या लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग दादा दरवर्षी फुकट करून द्यायचा. अकरा वर्षं त्या शेडमध्ये एका बाजूला गणपतीचं सिंहासन आणि दुसऱ्या बाजूला विमानाची शेपटी अशी सुखाने नांदत होती.

विमान एका माणसाचं. म्हणजे आत एकच खुर्ची. हे ऐकल्यावर माझी मोठी मेव्हणी, मालनताई, म्हणजे दादाची बायको, त्या शेडकडे फिरकली नाही. नवरा अकरा वर्षं रोज संध्याकाळी जिच्याकडे जातो ती सवत, आणि सवतीच्या घरी आपण पाय ठेवायचा नसतो, असा तिचा सरळ हिशोब. डबा मात्र ती रोज पाठवायची. माझ्याबरोबर.

आता मुद्दा तारखेचा. उडवणाऱ्याला डॉक्टरचा दाखला लागतो आणि दादाचा दाखला एकतीस डिसेंबरपर्यंतचा होता. शीवच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की उजव्या डोळ्याची कडेची नजर चालली आहे, पुढचा दाखला मिळायचा नाही. म्हणजे स्वतः बांधलेलं विमान स्वतः एकदा तरी उडवायचं असेल तर एकतीस डिसेंबरच्या आत. इंजिन झालं होतं, पंख झाले होते, दिल्लीची कागदपत्रं नऊ फायलींनंतर मार्गी लागली होती. राहिली होती काच. ही तारीख आमच्या बिल्डिंगमध्ये अनंत चतुर्दशीइतकी सगळ्यांना पाठ होती.

काच म्हणजे काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक. आंघोळीचा टब पालथा घालावा तसा एक अखंड पारदर्शक घुमट, बेंगळुरूहून लाकडी खोक्यातून आलेला. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाल्याने खोकं गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि आत यायला नकार दिला, कारण गल्लीत देवीच्या मांडवाचे वासे आडवे पडले होते. इथे आमचे सेक्रेटरी हितेंद्र पुढे आले. हितेंद्रचा स्वभाव असा की सोसायटीत पाल शिरली तरी तिचा अर्ज हवा. ही वस्तू वाहनाचा भाग आहे की बांधकामाचा, हे लेखी द्या, म्हणाले. वाहन असेल तर पार्किंगच्या नियमात, बांधकाम असेल तर रीडेव्हलपमेंटवाल्या बिल्डरची ना-हरकत. मी तिथल्या तिथे पत्र लिहिलं: "सदर वस्तू तूर्तास कशाचाही भाग नसून स्वतंत्र आहे." माझ्या आयुष्यातल्या उत्तम वाक्यांपैकी हे एक आहे. हितेंद्रने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

मग खोकं तिथेच फोडून, घुमट हातगाडीवर ठेवून, ओरखडे नकोत म्हणून वर सुरुचीची डबल बेडची चादर घालून आम्ही निघालो. सुरुची म्हणजे माझी बायको, मालनताईची धाकटी बहीण. लालबागमध्ये चादर घातलेली उंच वस्तू हातगाडीवरून हळूहळू चालली की ती काय असणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. लोक चपला काढून बाजूला उभे राहिले. तळमजल्याच्या राधाबाईंनी मासळीची पाटी खाली ठेवून, हात पुसून नमस्कार केला. एका पोलिसाने आमच्यासाठी टॅक्सी थांबवली. कुठल्या मंडळाची देवी, असं एकाने विचारलं तेव्हा मला काय उत्तर द्यावं सुचेना आणि मीही हात जोडले.

घुमट आला म्हणजे अर्धं काम झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. दादाला नाही. त्याने आधी चार दिवस नुसत्या तुकड्यांना भोकं पाडून बघितली. अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव जावयासारखा असतो, हे मी तेव्हा शिकलो. थंडीत कापलं तर तडकतं, घाईने कापलं तर तडकतं, साधं ड्रिल लावलं तर ते चावतं आणि मग तडकतं. ड्रिलची धार मुद्दाम मारून घ्यायची, भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवायचं, म्हणजे उन्हात फुगायला त्याला जागा राहते. आमच्या मंडळाचा डेकोरेटर दिनेश याला हे सगळं हास्यास्पद वाटलं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून तो वर्षभर अ‍ॅक्रिलिकची मखरं कापतो. आपलं रोजचं काम आहे, म्हणाला, आणि दादा चहाला गेला असताना त्याने प्रेमाने एक भोक पाडून दाखवलं. टक् असा आवाज झाला आणि कोपऱ्यातून बोटभर भेग गेली.

दादा आला, बघितलं. सगळ्यात बारीक ड्रिल घेतलं आणि भेगेच्या बरोबर टोकाला एक टाचणीएवढं भोक पाडलं. भेगेला टोक राहिलं नाही की ती पुढे जात नाही, एवढंच म्हणाला. तो कोपरा नंतर कापूनच जायचा होता, त्यामुळे निभावलं. दिनेश मात्र पुढे दोन दिवस शेडच्या दारातूनच सल्ले देत होता.

माझं काम धरण्याचं होतं. मला वाटलं होतं, हिशोबाचा माणूस म्हणून मापं तरी माझ्याकडे येतील. पण चौतीस वर्षं वर्ग दोनचा अधिकारी असलेल्या माणसाला सलग सहा सहा तास अ‍ॅक्रिलिकची कड धरून उभं करण्यात आलं. बाजूला लोखंडी क्लॅम्प होते, ते कमी पडले म्हणून मी. मी मधून मधून काही सुचवायचो. त्यावर दादा म्हणाला, "मनू, तुझ्यात आणि क्लॅम्पात इतकोच फरक, क्लॅम्प बोलणा नाय." हे सगळ्यांसमोर. मी कड सोडली नाही, पण मनाला लागायचं ते लागलं. आपण कधीतरी याच्या उपयोगी पडून दाखवू, न सांगता, असं मी तेव्हा ठरवलं. माणसाने अपमानाच्या भरात काही ठरवू नये.

एक काम मात्र सन्मानाने माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे; सोसायटीचा फळा मीच लिहितो. अ‍ॅक्रिलिकला काय लावायचं नाही याची पाटी दादाने मला लिहायला सांगितली आणि मी ती झोकात लिहिली. "काचेस पुढील पदार्थ लावू नयेत: १. पेट्रोल २. थिनर ३. स्पिरिट ४. नेलपॉलिश काढायचे द्रव ५. काच पुसायचा फवारा. फक्त साबणाचे पाणी वापरावे." खाली दुहेरी रेघ. दादाने पाटी बघून मान हलवली. त्या पंधरा दिवसांत त्याच्याकडून मिळालेली तेवढीच पावती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बासष्टावा स्क्रू बसला आणि घुमट विमानावर उभा राहिला. आतापर्यंत ते पत्र्याचं लांबट पिंप होतं. आता ते उडेल असं दिसू लागलं. दादा आत बसला, घुमट डोक्यावर ओढून घेतला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आम्ही चहा घेऊन उभे. एरवी खरखरीत बोलणाऱ्या त्या माणसाचे डोळे आतून ओले दिसत होते, आणि अ‍ॅक्रिलिक इतकं स्वच्छ होतं की ते लपवायला त्याला काही साधन नव्हतं.

दसऱ्याला शेडमध्ये हत्यारांची पूजा होती. ड्रिल, पाने, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना झेंडू. आणि अकरा वाजता मालनताई आली. नवी साडी नेसून, हातात पूजेचं ताट. कोणी बोलावलं नव्हतं. तिने विमानाभोवती एक फेरी मारली, नवीन फ्लॅट बघावा तशी. मग ओल्या हळदीत बोट बुडवून तिने घुमटावर, अगदी समोर, स्वस्तिक काढलं आणि वर कुंकवाचे चार ठिपके दिले. दिनेशने दादाकडे बघितलं, मीही बघितलं. साबणाच्या पाण्याशिवाय काही लावू न देणारा हा माणूस आता ओरडणार. दादाने पुढे होऊन तिच्या हातातलं ताट धरलं. पूजा झाली, नारळ जमिनीवर फुटला, सगळे श्रीखंड-पुरीला आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गौतम नावाचा उड्डाणाचा शिक्षक तपासणीला यायचा होता. त्याने एकदा बरं म्हटलं की विमान ट्रकवर घालून घाटावरच्या धावपट्टीवर न्यायचं, असा बेत. जेवून मला झोप लागेना. उडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हळदीचं स्वस्तिक असेल तर गौतम काय म्हणेल? दादा बायकोच्या मानासाठी ते पुसणार नाही, आणि नाही पुसलं तर तपासणी अडेल. हा गुंता सोडवायला तिसराच माणूस हवा. शेडची एक किल्ली माझ्याकडे होती.

साबणाच्या पाण्याने कुंकू गेलं. हळद जाईना. प्लॅस्टिकच्या डब्याला लागते तशी पिवळी छटा राहिली. मी पाटी वाचली. माझीच पाटी. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, नेलपॉलिशचं द्रव, फवारा. आणि शेडच्या कोपऱ्यात होता कोरोनाच्या काळात मंडळाने घेतलेला सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन, अर्धा भरलेला. सॅनिटायझर यादीत नव्हता.

हे इथे नीट सांगायला हवं, कारण माझ्या सबंध आयुष्याचा प्रश्न आहे. पॉलिसीच्या यादीत जो आजार नाही त्याचा दावा मी चौतीस वर्षं नामंजूर केला. जे यादीत आहे ते आहे, जे नाही ते नाही. लोक टेबलासमोर रडले तरी मी यादी दाखवली. तोच मी, यादीपुढे उभा, आणि यादी म्हणते आहे की सॅनिटायझरला हरकत नाही. त्यात स्पिरिटच असतं हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. ते मला त्या वेळी सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. पण यादीत नव्हतं.

जुन्या गंजीने पुसलं. हळद गेली. घुमट असा चकाकला की मी उत्साहाने सगळाच पुसून काढला, एकेका स्क्रूभोवती बोट फिरवून. वास पार छतापर्यंत भरला होता, म्हणून जाताना दार थोडा वेळ उघडं ठेवलं. घरी येऊन मी श्रीखंडाची दुसरी वाटी खाल्ली.

सकाळी दादाने कुलूप काढलं तेव्हा मी मागेच होतो. बासष्टच्या बासष्ट भोकांपासून बारीक चंदेरी रेषा निघाल्या होत्या, हजारो, उजेडात चमकणाऱ्या. दादाने एका रेषेवरून नख फिरवलं. मग बारीक ड्रिल उचललं, एक टोक शोधलं, दुसरं शोधलं, आणि ड्रिल परत खाली ठेवलं. इतकी टोकं होती की कुठून सुरुवात करणार.

"कोणी काय लावल्यान हेका?" तो हळू म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण तेवढ्यात हितेंद्र आले, दिनेश आला, आणि चर्चा सुरू झाली. हितेंद्रचं मत, ऑक्टोबरची हीट. दिनेशचं मत, हळद; हळदीत अ‍ॅसिड असतं, मखरावर हळद सांडली की त्याची पाच वर्षांची गॅरंटी जाते. मग दारात जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं की अकरा वर्षं ज्या बाईने पाऊल टाकलं नाही तिने काल पाऊल टाकलं. हे वाक्य कोणी बोललं ते कळलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. मालनताई दाराशी डबा घेऊन उभी होती. रोज मी आणायचो तो डबा, त्या दिवशी तिने स्वतः आणला होता. तिने तो खाली ठेवला आणि म्हणाली, "माझाच हात लागला त्याला." आणि गेली.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतर संध्याकाळी बोलायला हवं होतं. दिवाळीत, भाऊबीजेला, कार्तिकात, दर आठवड्याला एक चांगली संधी येत होती आणि मी ती पुढच्या आठवड्यावर टाकत होतो. चूक एका दुपारची, पण गप्प बसणं मी रोज नव्याने करत होतो. नवीन घुमट यायला चार महिने लागणार होते. एकतीस डिसेंबर आला आणि गेला. त्या संध्याकाळी दादा शेडमध्ये जाऊन विमानावर ताडपत्री घालून आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मालनताई आमच्याकडे आली, पण मागच्या खुर्चीवर बसून राहिली. कोणाच्या कपाळाला बोट लावायला उठली नाही. सुरुचीने आग्रह केला तर म्हणाली, "तूच लाव गं, माझ्या हाताला यश नाही." मी हलव्याचा वाडगा घेऊन तिथेच उभा होतो.

मार्चमध्ये नवीन घुमट बसला. बसवताना मी कड धरली आणि एक शब्द बोललो नाही. दादानेही टोमणा मारला नाही. मग घाटावरच्या त्या धावपट्टीवर एका सकाळी गौतमने विमान सुरू केलं. उडवणारा तो, पंचवीस-तीस वर्षांचा. दादा कुंपणाशी. विमान धावलं, उचललं गेलं, उसाच्या शेतांवरून वळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा नजर वर लावून उजवीकडे सारखी मान वळवत होता, कारण त्या बाजूचं त्याला वळल्याशिवाय दिसत नव्हतं. विमान त्याच्या नजरेतून निसटत होतं आणि तो ते पुन्हा पुन्हा शोधत होता.

मला ते बघवेना. मी त्याच्याजवळ जाऊन सगळं सांगून टाकलं. सॅनिटायझर, गंजी, यादी.

दादा वरच बघत होता. "माका पयल्याच दिवशी कळला," तो म्हणाला. "वास येय होतो."

"मग लवूदादा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कित्या बोलू? तू सांगशीत म्हणान थांबलंय. माका नाय. तिका." विमान वळून परत येऊ लागलं होतं. "ह्या एका माणसाचा विमान, मनू. तेच्यात तिका बसाक जागा नाय. अकरा वर्सांनी ती इली, बोटान आपली जागा करून गेली. ता पुसूक कोणी सांगल्यान होता तुका?"

गौतमला त्या स्वस्तिकाबद्दल दादाने दसऱ्याच्या दिवशीच फोन केला होता. समोर असलं तरी खाली कडेला आहे, नजरेच्या आड येत नाही, राहू दे, असं ठरलंही होतं. हे मला गौतमने परतताना सांगितलं, सहज.

मुंबईला आल्यावर मी घरी न जाता थेट मालनताईच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती. मी उभ्यानेच बोललो, बसण्याची माझी लायकी नव्हती. ऐकताना तिचा हात थांबला. दसऱ्यापासूनचे महिने ती मनात मोजत असावी. मला वाटलं, आता ताट फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने एक जुडी संपवली, मगच मान वर केली.

"सुरुचीला सांगितलंत, मनोहरराव?"

नाही, म्हणालो.

"सांगूही नका. माझी बहीण आहे, मी ओळखते तिला. तुम्हाला उभं करायची नाही दारात." मग उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. चहा घेताना आम्ही उसाबद्दल, घाटातल्या गर्दीबद्दल बोललो.

तर मी सुरुचीला सांगितलं नाही. हितेंद्रला, दिनेशला, राधाबाईंनाही नाही. मालनताईने मोकळीक दिली आणि मी ती सहीशिक्क्यासकट मंजूर करून घेतली. बिल्डिंग अजून तेच समजते, आणि परवा कोणाच्या तरी बारशाला सुरुचीने आपल्या सख्ख्या बहिणीला पाळण्यापासून जरा बाजूला बसवलं, ते मी बघितलं. सुरुची मी लिहिलेलं काही वाचत नाही, एवढ्या भरवशावर हे लिहिलं आहे.